गुणिले तीन

॥ श्री ॥

कोल्हापूर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. श्रीपालकाकांस,
शि. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

चातुर्मासात कुणी तूप सोडतं, कुणी हिरवी भाजी सोडतं. तुम्ही महाराजांपुढे हात जोडून मोबाईल सोडलात, हे काकूंकडून कळलं तेव्हा चिरागला हसू आवरेना. त्याचं म्हणणं असं की काकांचं त्या फोनशी आधीही पटत नव्हतंच; बँकेचा मेसेज आला तरी ते फसवणूक समजून फोन पालथा घालायचे. ते काही असो, दिवाळीपर्यंत तुम्ही दुसऱ्याच्या फोनवरही बोलणार नाही म्हणता, म्हणून हे पत्र. लग्नानंतर एवढं लांबलचक पत्र मी पहिल्यांदाच लिहिते आहे. हस्ताक्षराला नावं ठेवू नका.

काम तुमच्याच खात्यातलं आहे. आदितीला पुढल्या जूनपासून, म्हणजे सहावीला, शहराबाहेरच्या त्या इंटरनॅशनल शाळेत घालायचा विचार आहे. सोबत फीच्या कागदाची झेरॉक्स पाठवते. पेठ वडगावच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं हेडक्लार्क होता तुम्ही. अर्ध्या वडगावचा वाढदिवस एक जूनला येतो तो तुमच्याच पेनामुळे. तेव्हा हा कागद तुमच्याइतका कुणाला कळणार? मी हिशेब केला तो पहिल्या वर्षाला दोन लाख एकोणीस हजार पाचशे आला. चिराग म्हणतो, सुताचा धंदा असाच राहिला तर जमेल. तीस सप्टेंबरच्या आत जागा पक्की केली तर शिक्षण शुल्कात वीस टक्के सवलत आहे, आणि नंतर जागाच उरणार नाही असं ते म्हणतात.

हौस म्हणून हे करत नाही, काका. आदितीच्या आत्ताच्या वर्गात बासष्ट मुलं आहेत. गेल्या वर्षी बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की मुलगी फार प्रश्न विचारते, समज द्यावी. मी समज दिली नाही, पण पोरीने ती स्वतःच घेतली. दिवाळीपासून ती काही विचारतच नाही. घरीसुद्धा. दहा वर्षांची मुलगी जेवताना गप्प बसून जेवते, हे मला बघवत नाही.

माझं जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगी म्हणून आण्णांनी मला पुण्याकडच्या त्या निवासी शाळेत पाठवलं नाही. मी त्यांना त्यावरून कधी बोलले नाही, आणि आता बोलायला ते नाहीत. निदान आदितीचं तसं होऊ नये.

काकूंना नमस्कार. माया आहे ती तशीच राहू द्या आणि उत्तर लवकर पाठवा.

आपली,
रोहिणी

*

पेठ वडगाव,
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रोहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझे ३ तारखेचे पत्र ८ तारखेस पोचले. पाकीट डाव्या बाजूने किंचित उघडे होते. पोस्टात कोणी वाचले असल्यास त्यांना तुमची मिळकत कळली असे समज. पुढच्या खेपेस गोंद लावत जा.

कागद वाचला. चार वेळा वाचला. तू हिशेबात चुकलीस. शिक्षण शुल्क अठ्ठ्याऐंशी हजार लिहिले आहे, त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी आहे. ती चांदणी खाली पानाच्या तळाशी पुन्हा उगवली आहे आणि तिथे 'प्रति सत्र' असे लिहिले आहे. वर्षाची सत्रे किती, हे कुठेही लिहिलेले नाही. दोन धरली तर तुझा आकडा तीन लाख सात हजार पाचशे होतो. तीन असतील तर त्याच्याही पुढे. आकडा मोठ्या अक्षरात आणि अट बारीक अक्षरात, ह्याचा अर्थ अट लिहिणाऱ्याला ती वाचली जाऊ नये असे वाटते.

आता मी विचारतो ते त्यांना विचार, आणि तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नकोस. प्रवेश शुल्क चाळीस हजार एकदाच, की आठवीतून नववीत जाताना पुन्हा? अनामत पंचवीस हजार परत मिळते म्हणतात, ती कधी, कोणाच्या सहीने, आणि मुलगी मध्येच काढली तर? दरवर्षी वाढ किती? दहावीला परीक्षा परदेशी बोर्डाची असेल तर तिचे पैसे ह्या फीत आहेत की वेगळे? जेवण सक्तीचे छत्तीस हजार. पोर कांदा-लसूण खात नाही आणि दिवेलागणीनंतर जेवत नाही, तरीही तेवढेच? आणि आईबापाची मुलाखत कशासाठी? शिकणार पोर, परीक्षा तुमची, हे मला समजले नाही.

वीस टक्के सवलतीबद्दल. ओळखदेख नसताना कोणी पस्तीस हजार सोडून देत असेल तर ते कुठून तरी भरून घेत असणार. कोठून, ते शोध. तोपर्यंत एक रुपया भरू नये.

जावईबापूंनी हसून घ्यावे. मोबाईल सोडल्यापासून मला तीन लॉटऱ्या लागायच्या राहिल्या.

इकडील सर्व ठीक. तुमच्यावरचा जिव्हाळा आहे म्हणून एवढे लिहिले, राग मानू नये.

तुझा काका,
श्रीपाल

*

कोल्हापूर,
२० ऑगस्ट २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

गोंद लावला आहे, दोन्ही बाजूंनी.

तुमची चांदणी मी वाचलीच नव्हती. मान खाली घालून कबूल करते. तुमचं पत्र पर्समध्ये घालून शाळेत गेले. प्रवेशाचं बघणाऱ्या श्रुती मॅडम आहेत, तरुण, गोड बोलणाऱ्या. त्यांनी कॉफी मागवली. तुमच्यामुळे मला कॉफीचाही संशय आला, पण प्यायले. सत्रं दोन. प्रवेश शुल्क एकदाच, तसं त्यांनी लिहून दिलं. अनामत शाळा सोडल्यावर परत, मात्र सोडायच्या आधी पूर्ण एक सत्र लेखी कळवायचं, नाहीतर ती जाते. दहावीच्या परीक्षेचे पैसे वेगळे, किती ते त्या वर्षी ठरतं. दरवर्षीची वाढ विचारली तर म्हणाल्या, परिस्थितीनुसार. परिस्थिती कुणाची, असं मी विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि विषय बसकडे नेला.

स्वयंपाकघर बघितल्याशिवाय मी हलले नाही. जैन जेवणाची भांडी वेगळी आहेत आणि तिथल्या मावशींनी आपणहून झाकण काढून दाखवलं. सवलतीचं मात्र कळलं नाही. त्याचा वेगळा करार आहे आणि तो मुलाखतीच्या दिवशीच सहीला देतात म्हणे. मलाही ते बरं वाटलं नाही.

पण काका, आदितीला त्यांनी एक दिवस वर्गात बसवून घेतलं. परत येताना गाडीत तिने अकरा प्रश्न विचारले. मी मोजले. शेवटचा होता, गांडुळाला अंधार आवडतो की त्याला उजेड माहीतच नसतो. मला रडू आलं ते गाडी चालवताना आवरावं लागलं.

आता एक वेगळी गोष्ट. फॉर्मला आईबापाच्या शिक्षणाचे दाखले लागतात. माझं दहावीचं मार्कलिस्ट शोधायला परवा कबनूरला आईकडे गेले होते. तिच्या ट्रंकेत आण्णांच्या बिलांखाली पुण्याकडच्या त्या शाळेचा फीचा कागद सापडला, २००१ सालचा, सगळा इंग्रजीत. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो हातात घेतला. सत्तावीस हजार छापलंय. त्याच्या शेजारी लाल शाईने, तुमच्या अक्षरात, गुणिले तीन, बरोबर एक्याऐंशी हजार. आणि पानाच्या शेवटच्या ओळीत असं आहे की वरची रक्कम संपूर्ण वर्षाची असून ती तीन हप्त्यांत भरता येईल.

मग गुणिले तीन कशासाठी होतं? तुम्हाला काही आठवतं का, तेवढं लिहा.

तुमचा लोभ आहे हे गृहीत धरून थांबते.

आपली,
रोहिणी

*

पेठ वडगाव,
दि. २६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रोहिणीस,
अ. उ. आ. जय जिनेंद्र.

पत्र मिळाले.

'परिस्थितीनुसार' हा शब्द मी कार्यालयात असताना फार वापरला आहे. त्याचा अर्थ, आम्ही ठरवू आणि तुम्ही भरा. तेव्हा वाढ किती टक्क्यांच्या आत, हे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. लेखी सूचना एक सत्र आधी द्यायची, तर ती कोणत्या तारखेपासून मोजतात? सत्र जूनमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात कळवले, तर गेले पंचवीस हजार. सूचना देताना पोच घ्यावी आणि पोचेवर शिक्का घ्यावा. शिक्क्यावर तारीख असावी. तारीख पुसट असेल तर दुसरा शिक्का मारून घ्यावा.

करार आधी न दाखवता सहीच्या दिवशी समोर ठेवणे, हे मला मुळीच पसंत नाही. समोर माणसे, कॉफी, पोरगी गणवेशाकडे बघते आहे, अशा वेळी कोण वाचतो? म्हणूनच त्या दिवशी देतात. माझे मत विचारशील तर ह्या शाळेचा नाद सोडावा. कोल्हापुरात चांगल्या शाळा आहेत. पोरीने प्रश्न विचारण्यासाठी वर्षाला तीन लाख लागत नाहीत. मला विचार म्हणावे, मी फुकट सांगेन. गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड अंगाला कळतो.

जुने कागद ट्रंकेतच बरे. चोवीस वर्षांत काय काय झाले ते आता कोणाला आठवते.

पर्युषण परवापासून आहे. पत्रास उशीर झाल्यास काळजी नसावी. मुलीला आशीर्वाद आणि तुम्हा दोघांवर लोभ आहेच.

श्रीपाल

*

कोल्हापूर,
१ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शिक्क्यावर तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत. लाल शाईबद्दल दोन, आणि त्यात काही नाही. कागद जिथे बोलत नाही तिथे बोट ठेवून विचारावं, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत. मी बोट ठेवलं आहे.

मला दोनच गोष्टी सुचतात आणि दोन्ही रात्रंदिवस डोक्यात फिरतात. एक, तुम्ही चुकलात. दुसरी, तुम्ही आणि आण्णांनी मिळून ठरवलं की पोरीला पाठवायचं नाही, आणि आईचं तोंड बंद करायला तो एक्याऐंशीचा आकडा तयार केला. तालुक्यात पहिली आले होते मी. दादाला पुढे इंजिनिअरिंगला पाठवताना कुणी गुणाकार केला नाही. आण्णा आजारी होते तेव्हा मी पाय चेपत बसायचे, आणि तेव्हासुद्धा मनात हे असायचं. ते गेले तरी गेलं नाही.

आता तुम्ही आदितीच्याही कागदावर एक रुपया भरू नये असं लिहिता, आणि मला कळत नाही की हा काका मला वाचवतो आहे की पुन्हा तेच करतो आहे. तीस तारखेला जागा जाईल. चोवीसला मुलाखत आहे. तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मला त्याआधी ठरवायचं आहे.

दरवर्षी क्षमावणीला तुमचं छापील कार्ड येतं. मन, वचन, कायेने जाणता-अजाणता काही चूक झाली असल्यास क्षमा. ह्या वर्षी ते पाठवू नका. चूक कोणती ते लिहा, नाहीतर काहीच लिहू नका.

माया मागायचा आज धीर होत नाही.

रोहिणी

*

पेठ वडगाव
शुक्रवार ५ तारीख

चि. रोहिणीस सीताबाई काकूचा आशीर्वाद.

माझं शिक्षान सातवी, चुकलंमाकलं पोटात घाल. फोन करायचा तर हे शेजारीच बसून ऐकत्यात, म्हणून बस्तीत, देवाम्होरं बसून लिवतोय.

तुझा कागुद आल्यापास्नं ह्येनी धड बोलंनात. दशलक्षणाचं एकासन हाय, एक डाव जेवत्यात, त्यातलं निम्मं ताटात. कार्डं छापून आणल्यात, दीडशे. पत्ते घालून झालं, तुझं तेवढं बाजूला ठेवलंय. चार डाव कागद घेटला आणि चार डाव फाडला. काय हाय ते मला ठावं न्हाय, ह्येनी मला कधी सांगितलं न्हाय. खरं त्या साली ह्येनी आठ दिवस आण्णाभावजींच्या दुकानाकडं फिरकलं नव्हतं, एवढं मला याद हाय. सख्खं भाऊ, रोजचं येणंजाणं, आणि एकदम पाय बंद. मी इचारलं तर शाळेत काम लई हाय म्हटलं. मे महिन्यात शाळंत कसलं काम गं?

तू ह्येनला वाईट म्हणू नगं. खरं सोडू बी नगं.

आदितीला लाडू करून ठेवल्यात. आमची आठवण ठेव.

काकू

*

पेठ वडगाव,
क्षमावणी, दि. ८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रोहिणीस,
जय जिनेंद्र.

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार आज माझा नाही, म्हणून लिहिला नाही.

आमच्या हायस्कुलात फी सत्रावर लिहायची पद्धत होती. पालकाने वर्षाची विचारली की सत्राच्या आकड्याला गुणायचे, ही हाताची सवय. तुझ्या आण्णाने तो इंग्रजी कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. समोर दाखल्यासाठी रांग होती. मी 'तीन हप्ते' एवढे वाचले, लाल पेन हातात होतेच, आणि गुणले. शेवटची ओळ वाचली नाही. आण्णाला इंग्रजी येत नव्हते. तुला येत होते, पण तो कागद तुला दाखवावा असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. आण्णा म्हणाला होता, तीसपर्यंत त्याची तयारी होती. एक्याऐंशी ऐकून त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

पुढे तो दुकानात येईल-जाईल त्याला सांगू लागला की श्रीपाल होता म्हणून वाचलो, नाहीतर शाळेने आपल्याला बुडवले असते. कबनुरातले लोक आपापले कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मला ते आवडले.

आठ-नऊ दिवसांनी हंबीरराव म्हणून एक गृहस्थ गगनबावड्याकडून आले. त्यांच्या मुलासाठी तोच फॉर्म, तोच कागद. त्यांना समजावून सांगताना मी शेवटची ओळ वाचली. तुझी मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते. मी हंबीररावांना सत्तावीस सांगितले. त्यांचा मुलगा त्या शाळेत शिकला.

त्याच दिवशी आण्णाकडे जाऊन सांगायला निघालो होतो. वाटेत मनाशी म्हटले, एवढे लोक नाव घेतात, ते काय म्हणतील. परत फिरलो. मग आठ दिवस तिकडे गेलो नाही. शेवटी आण्णाच माझ्याकडे आला. त्याने घरचे दोन यंत्रमाग विकायला काढले होते. गिऱ्हाईकही पाहून गेले होते. म्हणाला, पोरगी हुशार हाय, एक्याऐंशी तर एक्याऐंशी, भरतो. आता तो भरायला गेला असता तर खिडकीवरच्या माणसाने सत्तावीस मागितले असते आणि माझी चूक सगळ्या कबनुरात जाहीर झाली असती. म्हणून मी त्याला सांगितले की पैशाचे जाऊ दे, मुलीच्या जातीला एवढ्या लांब ठेवू नये, उद्या काही झाले तर समाजात तोंड दाखवता येणार नाही. हे मी एकदा नाही, तीन दिवस सांगितले. आण्णा माझे ऐकत असे. त्याने तुला जे कारण सांगितले ते त्याचे नव्हते, माझे होते.

तू चोवीस वर्षे ज्याच्यावर रागावलीस तो माणूस तुझ्यासाठी माग विकत होता. हे मी त्याच्या शेवटच्या आजारातही त्याला सांगितले नाही आणि तुलाही नाही. दरवर्षी छापील कार्ड पाठवले.

तेव्हापासून मी प्रत्येक कागद चार-चार वेळा वाचतो. लोकांना वाटते, माझा शाळेवर विश्वास नाही. माझा माझ्या वाचण्यावर नाही. आदितीच्या कागदावर नाद सोड असे लिहिले तेही त्या भीतीने. पुन्हा मी हो म्हणावे आणि काहीतरी राहून जावे, ही भीती. माझ्या एकट्याच्या शब्दावर काही ठरवू नकोस. दुसऱ्या जाणकाराला दाखव.

क्षमा मागतो. द्यावीच असे नाही.

श्रीपाल

*

कोल्हापूर,
१६ सप्टेंबर २०२५

काकांस,
नमस्कार.

पत्र मिळाल्यावर चार दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुमच्या वयाच्या माणसाला लिहू नये असं होतं.

तुमचं पत्र कबनूरला आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि बराच वेळ ओट्याशी काहीतरी पुसत राहिली. मग म्हणाली, इचलकरंजीचा एक माणूस माग बघायला आला होता खरा. चहा पिऊन, माग चालवून बघून गेला. तीन दिवसांनी आण्णांनी त्याला नको म्हणून कळवलं, आणि का विकत होता, का नाही विकला, ते कुणालाच सांगितलं नाही. तिला वाटलं होतं, देणं झालं असेल कुणाचं.

मला तुमचा राग आला आहे. चुकीचा नाही. रांगेत उभ्या माणसांसमोर कुणाचीही ओळ राहते. तुम्ही माझ्या वडिलांच्या तोंडी तुमचं वाक्य घातलंत, आणि मी त्या वाक्यासाठी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, ह्याचा आहे. ते आता कुणालाच परत करता येणार नाही. कमी करून लिहायला गेले तर खोटं होईल.

पण चोवीसला मुलाखत आहे, दुपारी तीनला. करार त्याच दिवशी समोर येणार. दुसऱ्या जाणकाराला दाखव म्हणता. कोल्हापुरात मला तुमच्याइतका संशयी माणूस माहीत नाही. तेव्हा तुम्ही यायचं. वडगावहून एसटीने या, स्टँडवर चिराग घ्यायला येईल. चष्मा आणा. लाल पेन आणा. आणि कागद ज्याच्यासाठी आहे त्याला तो आधी दाखवायचा, एवढं तुम्ही ह्या वेळी करा.

काकूंना नमस्कार.

रोहिणी

*

कोल्हापूर,
२५ सप्टेंबर २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

काका घरी येऊन काही सांगणार नाहीत, आणि फोनवर ते शेजारी बसून ऐकतील, म्हणून तुमच्याच युक्तीने लिहिते.

पहिला घोळ फाटकावरच झाला. पाहुण्याला आत जायला मोबाईलवर नंबर येतो, तो सांगावा लागतो. काकांनी रखवालदाराला चातुर्मासाचा नियम समजावून सांगितला. रखवालदार म्हणाला, पावणं, मला नंबर सांगा. शेवटी चिरागच्या फोनवर काम भागलं, पण तोपर्यंत काकांनी तिथली नोंदवही मागून घेऊन चार ओळी वाचल्या आणि तारखा मागेपुढे आहेत म्हणून दाखवून दिलं.

मुलाखत साधी होती. पोरीला घरी वेळ देता का, असलंच काहीतरी विचारलं. मग श्रुती मॅडमनी सवलतीचा करार पुढे ठेवला, तीन पानी, आणि पेनचं टोपण काढून माझ्या हातात दिलं. काकांनी तो कागद उचलला. मला वाटलं, आता हे चार वेळा वाचणार. त्यांनी एकदाही वाचला नाही. शेजारी आदिती बसली होती, तिच्यापुढे ठेवला. म्हणाले, बाळ, मोठ्यानं वाच, आणि कळंल तिथं न्हाय, जिथं कळत न्हाय तिथं थांब.

काकू, आदिती इंग्रजी अडखळत वाचत होती. दुसऱ्या पानावर थांबली. तिथे लिहिलं होतं की सवलत सलग पाच वर्षं शिकणाऱ्यालाच, त्याआधी शाळा सोडली तर मिळालेली सवलत परत घेण्यात येईल. तिने मान वर करून मॅडमना विचारलं की मी चौथ्या वर्षी गेले तर चौथ्याच वर्षाची परत घेणार की पहिल्या वर्षापासूनची सगळी? श्रुती मॅडमनी विचारून येते म्हटलं. त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांनी आल्या. सगळी, म्हणाल्या. व्याजासकट की बिनव्याजी, हे आदितीने विचारलं नाही, ते काकांनी विचारलं.

मी सही केली नाही. सवलतीशिवाय जागा मिळते का विचारलं, तर मिळते. पोरीसाठी आम्ही चिरागबरोबर पुन्हा बसून आकडे घातले. पाच वर्षांनी सुताचं काय होईल कुणाला माहीत. बांधून घेण्यापेक्षा पूर्ण फी भरलेली परवडली. तरी मी काकांना म्हटलं, फीचा मूळ कागद घरी नेऊन एकदा बघा आणि मला लेखी कळवा.

जाताना तुमचे लाडू त्यांनी आदितीला दिले. ती त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेली आणि वाटभर काहीतरी विचारत होती. ते उत्तर देत होते, पण मी मागून चालत होते, मला ऐकू आलं नाही.

तुमच्या आठवणीत असते.

रोहिणी

*

पेठ वडगाव,
दि. २७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रोहिणीस,

फीचा मूळ कागद सोबत परत पाठवीत आहे. शिक्षण शुल्कासमोर लाल शाईने 'गुणिले दोन' लिहिले आहे. सवलत घेऊ नये. वाढ दहा टक्क्यांच्या आत राहील असे त्यांनी २४ तारखेस लिहून दिले, त्या कागदावर शिक्का आहे, तारीख स्वच्छ आहे. दहावीच्या परीक्षेची रक्कम अजून अंधारात आहे. ती दरवर्षी विचारीत राहावी.

तळाशी दोन नावे घातली आहेत. वाचणार, कु. आदिती. तपासणार, श्रीपाल.

हिशेब बरोबर आहे. भरा.

श्रीपाल

*

कोल्हापूर,
१ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

काल दुपारी पैसे भरले. पावतीची झेरॉक्स पाठवते, दोन्ही बाजूंची. मागची बाजू कोरी आहे, पण तुम्ही विचारलं असतंत.

फॉर्मवर आईच्या शिक्षणाचा रकाना होता. बी. कॉम. लिहिलं आणि खाली थोडी जागा उरली होती. तिथे काही लिहायचं नव्हतं, तरी पेन बराच वेळ तिथेच धरून बसले होते. आण्णांच्या मागांचं तिथे काय लिहिणार?

आदितीला सांगितलं की जागा पक्की झाली, तर तिने विचारलं, सवलतीचा कागद वडगावच्या आज्जांनी स्वतः न वाचता मलाच का वाचायला दिला? तिला अजून पूर्ण गोष्ट सांगितलेली नाही. सांगीन. तुम्ही आणि मी दोघं असताना सांगीन, म्हणजे कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी जाणार नाही.

तुमच्या क्षमावणीच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर ह्या पत्रात नाही, हे तुम्ही दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा लक्षात येईल. विसरले नाही. उत्तम क्षमा हे लिहून पाठवायचं नसतं, तोंडाने म्हणायचं असतं, आणि माझ्या तोंडून ते अजून निघत नाही. आईच्याही नाही. बघू.

दिवाळीला नियम सुटला की तुमचा फोन चालू करा. पहिला फोन मला लावा. मी उचलीन.

रोहिणी